पाचशे बारा खोल्यांची चिप

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या हॉलमध्ये काही सभासद आपापल्या छंदांविषयी बोलले. त्यांपैकी एका भाषणाचे हे शब्दांकन. बोलताना फळ्यावर काढलेल्या आकृत्या येथे गाळल्या आहेत.)



माझ्याआधी वहिनींनी बोन्सायची झाडे दाखवली, त्याआधी जुन्या नाण्यांचा संग्रह पाहिला. दोन्ही डोळ्यांना सुखावणारे छंद. माझी पंचाईत अशी आहे की माझ्या छंदात बघण्यासारखे काही नाही. ही बघा, चिमटीत धरली आहे. मागच्या रांगेला दिसणार नाही, पुढच्या रांगेलाही दिसत असेल असे नाही. नखाएवढी काळी वडी आणि दोन्ही अंगांना चार-चार पाय. झुरळाच्या पिल्लासारखी दिसते, असे आमच्या सौ. म्हणतात. हिचे नाव एटीटायनी १३ए. ही एक मायक्रोकंट्रोलर चिप आहे, म्हणजे एक अख्खा छोटा कॉम्प्युटर. शंभर रुपयांच्या आत मिळते. तुमच्या वॉशिंग मशीनमध्ये, टीव्हीच्या रिमोटमध्ये, वजनकाट्यात हिची भावंडे बसलेली आहेत. गेली पाच वर्षे मी हिला तिच्या स्वतःच्या भाषेत हुकूम द्यायला शिकतो आहे. त्या भाषेला असेम्ब्ली म्हणतात.

आता तुमच्या मनात जो प्रश्न आला तो मला ठाऊक आहे, कारण घरात तो रोज विचारला जातो. हे कशासाठी? चौऱ्याहत्तराव्या वर्षी नोकरी मिळणार नाही, आणि निवडायची भाजी तशीच पडून राहते.

उत्तरासाठी थोडे मागे जावे लागेल. मी बी.कॉम., आणि आयुष्य गेले बँकेत. लागलो तेव्हा लेजर हाताने लिहायचे. महिनाअखेरीला बॅलन्सिंग, म्हणजे खातेदारांच्या शिलकांची बेरीज जनरल लेजरशी जुळायलाच हवी. सात पैशांचा फरक आला तरी रात्री दहापर्यंत थांबून तो शोधायचा. पुढे डॉ. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या समितीचा १९८४ साली अहवाल आला आणि शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रे यायला लागली. त्यानंतर कोअर बँकिंग. काम वेगात होऊ लागले, यात वाद नाही. पण काउंटरवर एक नवे वाक्य जन्माला आले, ते तुम्ही सर्वांनी ऐकले आहे: "सिस्टीम घेत नाही." खातेदार विचारायचा, का घेत नाही? आम्ही म्हणायचो, आम्हाला काय माहीत, सिस्टीम आहे. हाताखालच्या लेजरचा पानन्‌पान जाणणारा माणूस पंचवीस वर्षांत पडद्यासमोरचा हमाल झाला. हे कोणाच्या विरुद्ध बोलत नाही. पण ही "सिस्टीम" म्हणजे नक्की कोण, कुठे बसते, एखादी गोष्ट घ्यायची की नाही हे कशावरून ठरवते, हे मला एकदा मुळापासून बघायचे होते.

निवृत्तीनंतर तर आपण सगळे आज्ञाधारक बालके झालो आहोत. नातवंडे सांगतात, आजोबा हे दाबा. आपण दाबतो. ओटीपी आला का? आला. टाका. टाकला.

मोठा कॉम्प्युटर उघडून त्यात काय चालले आहे हे समजणे आता एकट्या माणसाच्या आवाक्यात नाही, इंजिनियरच्याही नाही. मोबाइलमधल्या चिपवर काही अब्ज ट्रान्झिस्टर असतात. १९७१ साली इंटेलने ४००४ नावाची पहिली मायक्रोप्रोसेसर चिप बाजारात आणली, तिच्यावर सुमारे २,३०० होते. म्हणून बघायचेच असेल तर तळाची, स्वस्तातली, सगळ्यात साधी चिप घ्यावी. ही एका डोक्यात मावते. माझ्यासुद्धा.

आपण सोसायटीत राहणारी माणसे, म्हणून सोसायटीच्याच भाषेत सांगतो. या चिपमध्ये प्रोग्रामसाठी १ किलोबाइट जागा आहे, म्हणजे १,०२४ बाइट. तिचा एक हुकूम बहुतेक वेळा दोन बाइटांचा असतो. म्हणजे ही झाली ५१२ खोल्यांची चाळ. प्रत्येक खोलीला नंबर, प्रत्येक खोलीत एक हुकूम. वीज आली की चिप शून्य नंबरच्या खोलीपासून सुरुवात करते, हुकूम वाचते, पाळते, पुढच्या खोलीत जाते. दुसरे काही तिला येत नाही. शिवाय तिच्याकडे ३२ टेबले आहेत, त्यांना रजिस्टर म्हणतात. प्रत्येक टेबलावर एकच आकडा ठेवता येतो, ० ते २५५ मधला. गंमत म्हणजे १६ ते ३१ नंबरच्या टेबलांवरच बाहेरचा आकडा थेट मांडता येतो. ० ते १५ नंबरच्या टेबलांवर दुसऱ्या टेबलावरून न्यावा लागतो. हे वाचले तेव्हा मला आमच्या शाखेतली काउंटरे आठवली. रोख कुठे घेतात आणि कुठे फक्त व्हाउचर चालते, हे नव्या गिऱ्हाइकाला कधी कळायचे नाही. याव्यतिरिक्त कच्च्या कामाला ६४ बाइट आणि वीज गेली तरी पुसली न जाणारी आणखी ६४ बाइटांची नोंदवही. झाली मालमत्ता.

एकूण हुकूम १२०. त्यांतले पंचवीस-तीस आले की पुष्कळ काम होते. प्रत्येकाला दोन-चार अक्षरांचे नाव आहे, आणि इथे बँकेचा माणूस एकदम घरी येतो. चिपच्या एखाद्या पायावर वीज चालू करायची असेल तर हुकमाचे नाव आहे एसबीआय. आणि बंद करायची असेल तर सीबीआय! एसबीआय दिवा लावते आणि सीबीआय विझवते. (हशा) मी या दोन्हींपैकी कुठल्याच बँकेत नव्हतो आणि दोन्हींबद्दल मला आदर आहे. अर्थ अगदी साधा आहे. "सेट बिट" म्हणजे एकचा आकडा मांड, "क्लिअर बिट" म्हणजे शून्य मांड.

आता हे नाव चिपला कळते का? नाही. तिला फक्त शून्य आणि एक कळतात. एसबीआय हा हुकूम खोलीत कसा लिहिलेला असतो ते फळ्यावर काढतो: १००१ १०१० १०१११ ०००. एकूण सोळा आकडे. तुमच्या चेकच्या तळाशी चुंबकीय शाईत नऊ आकड्यांचा एक नंबर असतो, तो आठवा. पहिले तीन आकडे शहराचे, ४०० म्हणजे मुंबई, ४११ म्हणजे पुणे. मधले तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. क्लीअरिंगमधले यंत्र तो नंबर वाचून चेक कुठल्या खणात टाकायचा ते ठरवत असे. इथेही तसेच. पहिले आठ आकडे म्हणजे "एक मांड". पुढचे पाच, १०१११, म्हणजे आपल्या नेहमीच्या पद्धतीने २३. तो खात्याचा नंबर. शेवटचे तीन, ०००, म्हणजे त्या खात्यातली शून्यावी ओळ. सगळे मिळून वाक्य झाले: २३ नंबरच्या खात्यात शून्याव्या ओळीवर एक मांड. आणि त्या खात्यात एक मांडला की चिपचा पाचव्या नंबरचा पाय बाहेर वीज देण्यासाठी तयार होतो. त्या दिवशी रात्री मी बराच वेळ या सोळा आकड्यांकडे बघत बसलो होतो. इथे शब्द संपतात आणि यंत्र सुरू होते. यापलीकडे आणखी कोणी "सिस्टीम" बसलेली नाही. आता उरल्या त्या फक्त तारा.

पहिला प्रोग्राम सगळे करतात तो म्हणजे एक दिवा उघडझाप करायचा. माझा प्रोग्राम दहा हुकमांचा आहे, म्हणजे वीस बाइट. एक हुकूम पाय तयार करतो, एक दिव्याची स्थिती उलटी करतो, आणि बाकी सगळे केवळ वेळ काढतात. कारण चिपचा वेग असा की मध्ये थांबवले नाही तर दिवा सेकंदाला लाखांनी लुकलुकेल आणि डोळ्याला नुसताच पेटलेला दिसेल. तिला थांबा म्हणून सांगता येत नाही, म्हणून तिला उलटी मोजणी करायला लावायची. एका टेबलावरचा आकडा एकेकाने कमी कर, शून्य झाला नाही तर परत मागे जा. शून्य झाला की दुसऱ्या टेबलावरचा एक कमी कर आणि पहिले पुन्हा मोज. तिसरे टेबल असेच दुसऱ्यावर. तिसऱ्यावर मी ६ मांडले.

हे चालायला किती वेळ लागतो हे आधी कागदावर काढता येते, आणि मला सगळ्यात आनंद या ठिकाणी होतो. प्रत्येक हुकमाला किती ठोके लागतात ते पुस्तकात छापलेले असते. एकने कमी करायला एक ठोका. मागे जायचे असेल तर दोन, नसेल जायचे तर एक. पहिले टेबल संपायला ७६७ ठोके. पहिले दोन मिळून १,९७,११९. तिन्ही आणि वरचे किरकोळ धरून ११,८२,७३६. कारखान्यातून आलेली ही चिप सेकंदाला बारा लाख ठोक्यांनी चालते. भागाकार करा, दिवा ०.९८५६ सेकंदाला एकदा पालटतो. साठ वेळा पालटायला ५९.१४ सेकंद लागले पाहिजेत.

घड्याळ घेऊन बसलो. एकसष्ट लागले.

आता तुम्ही म्हणाल, दोन सेकंदांनी काय बिघडले? बँकेच्या माणसाला असे विचारू नये. मी कागदावरची बेरीज तीनदा तपासली, बरोबर होती. मग पुस्तक काढले. या चिपचे माहितीपुस्तक दीडशेहून जास्त पानांचे आहे, फुकट मिळते, मी ते छापून बांधून घेतले आहे. त्यात एका तक्त्यात उत्तर होते. चिपच्या पोटातले घड्याळ कारखान्यात दहा टक्क्यांच्या मर्यादेतच जुळवलेले असते, आणि ते पुढेमागे सरकवायला एक वेगळे खातेही दिलेले आहे. त्या खात्यातला आकडा थोडा थोडा बदलत गेलो आणि एकोणसाठच्या आसपास आणून ठेवला. टॅली झाली. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. सात पैशांचा फरक सापडल्यावर पूर्वी जसे वाटायचे, अगदी तसेच वाटले. फक्त चहा पाजायला शिपाई नव्हता.

तुलनेसाठी एक सांगतो. आज शाळेतल्या मुलांना अर्डुइनो नावाचा बोर्ड देतात. हा इटलीतल्या इव्रेआ गावी २००५ साली विद्यार्थ्यांसाठी तयार झाला. त्यावर जी चिप असते ती माझ्या चिपची थोरली बहीण. या दोघी ज्या कुळातल्या, त्या कुळाची मूळ कल्पना नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम येथील दोन विद्यार्थ्यांची. अर्डुइनोवर सोप्या भाषेत हाच दिवा लुकलुकवायला प्रोग्राम नऊशेहून जास्त बाइटांचा होतो. माझा वीसचा. याचा अर्थ अर्डुइनो वाईट असा मुळीच नाही. उरलेल्या बाइटांत त्याने तुमच्यासाठी घड्याळ लावून ठेवलेले असते, बाकीची तयारी केलेली असते. ज्याला पटकन काम उरकायचे आहे त्याने तोच घ्यावा, आणि नोकरीसाठी शिकणाऱ्या मुलांनी सी भाषा शिकावी. असेम्ब्लीचे ज्ञान बायोडेटात घालून फार उपयोग होईल असे मला वाटत नाही. पण तयार पीठ आणणाऱ्याने एकदा जात्यावर बसून बघायला हरकत नाही.

हातच्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. टेबलावर जास्तीत जास्त २५५ मावतात, मग तीन हजार सहाशे कसे मोजायचे? दोन टेबले जोडून. उजव्या टेबलावर २५५ मध्ये एक मिळवला की तिथे शून्य येते आणि चिप एका बाजूच्या चिठ्ठीवर खूण करते: हातचा एक. पुढचा हुकूम डाव्या टेबलावर बेरीज करतो ती हातचा धरून. इंग्रजी पुस्तकात याला कॅरी म्हणतात. आपण दुसरीत शिकलो तेच. परदेशी चिपच्या पोटात आपल्या गुरुजींचा हातचा बसलेला बघून मला फार बरे वाटले.

आता आपल्या टाकीकडे येतो, कारण मला बोलायला उभे केले आहे ते त्यामुळेच, याची मला जाणीव आहे.

दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. पाणी एक दिवसाआड, त्यात टँकर मागवायची पाळी, आणि अशा दिवसांत वरची टाकी भरून गच्चीवरून पाणी वाहायचे. बी विंगच्या भिंतीला त्याची खूण अजून आहे. मासिक सभेत सूचना आली की सकाळच्या पाळीच्या वॉचमनचे लक्ष नसते, सांडेल त्या दिवशी त्यांच्या पगारातून कापावे. सूचनेला बऱ्याच जणांचा पाठिंबा होता. मी एवढेच म्हटले की कापण्याआधी मला एक महिना द्या. खात्याला नावे टाकण्याआधी व्हाउचर तरी बघू.

मी केले ते असे. टाकीत दोन फ्लोट सोडले, एक काठापासून दीड फूट खाली, दुसरा अगदी काठाला. पंपाच्या वायरिंगला हात लावला नाही; ते लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियनचे काम, माझे नव्हे. माझी पेटी पेन्सिल सेलवर चालते आणि वॉचमनच्या केबिनमध्ये आहे. खालचा फ्लोट उचलला गेला की बझर वाजतो: टाकी भरत आली, पंप बंद करा. वरचा फ्लोट उचलला गेला तर पाणी सांडते आहे, आणि किती मिनिटे सांडले ते चिप आपल्या ६४ बाइटांच्या नोंदवहीत लिहिते. टाकी वेळेत बंद झाली तर त्या खेपेला शून्य. प्रत्येक भरण्याला एक नोंद.

यात एक अडचण होती. पाणी भरताना पृष्ठभागावर लाटा येतात, फ्लोट वरखाली नाचतो. शिवाय गच्चीपासून केबिनपर्यंतची वायर लांब, तिच्यात भलतेसलते खडखडाट शिरतात. त्यासाठी बाहेरून एक रेझिस्टर लावला, आणि प्रोग्राममध्ये साक्षीदारांची अट घातली. चिप दर सेकंदाला झोपेतून उठते, फ्लोट बघते आणि एका टेबलावरच्या आठ आकड्यांना एक घर डावीकडे सरकवून उजवीकडे नवा आकडा लिहिते: उचललेला असेल तर एक, नसेल तर शून्य. आठही घरांत एक आले, म्हणजे टेबलावर २५५ झाले, तरच खरे मानायचे. सलग आठ साक्षीदार. मध्ये एकजरी फितूर झाला तर परत पहिल्यापासून. हे सरकवणे एका हुकमात होते, आणि बाहेरचा आकडा आत येतो तो हातच्याच्या चिठ्ठीवरूनच. भरल्यानंतर खालचा फ्लोट तासभर खाली राहिला की नोंद बंद. तास म्हणजे ३,६०० सेकंद, तिथे दोन टेबले जोडावी लागली.

आणि एक पहारेकरी. या चिपमध्ये एक स्वतंत्र घड्याळ आहे, त्याला वॉचडॉग म्हणतात. प्रोग्राम कुठे अडकून पडला आणि ठरलेल्या वेळात त्याने "मी जागा आहे" असे कळवले नाही, तर हा पहारेकरी चिपला पहिल्या खोलीपासून पुन्हा सुरू करतो. पूर्वी रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला तासातासाला चावी फिरवून खूण उमटवावी लागे, तोच प्रकार. दर सेकंदाला चिपला झोपेतून उठवायचे कामही मी त्याच्याकडेच दिले आहे.

तर तीस दिवस झाले. रोज दोनदा टाकी भरते, सकाळी आणि संध्याकाळी, म्हणून साठ नोंदी. चिप काढून घरी आणली, नोंदवही वाचली, कागदावर उतरवली. साठपैकी एकोणपन्नास शून्य. अकरा वेळा सांडले होते, चार मिनिटांपासून सतरा मिनिटांपर्यंत. चिपला तारीखवार कळत नाही, तिच्याकडे फक्त नोंदीचा नंबर आहे. पण त्या अकरा नंबरांकडे बघता बघता लक्षात आले की सगळे विषम आहेत. ३, ७, ९, १७ असे. सम एकही नाही. पहिली नोंद सकाळची होती, म्हणजे विषम सगळ्या सकाळच्या. इथपर्यंत सूचना मांडणाऱ्यांचेच म्हणणे खरे ठरत होते.

मग वॉचमनकाकांचे पंप रजिस्टर मागितले आणि ताळा केला. अकरापैकी एकही दिवस रविवार नव्हता. मी आठवडाभर सकाळी सातला गेटपाशी खुर्ची टाकून बसलो. तुम्हीही कधी बसून बघा. सात ते सव्वासात या वेळात शाळेच्या चार व्हॅन येतात. एकटा माणूस गेट उघडतो, व्हॅन मागे घ्यायला मदत करतो, मुलांना दप्तरासकट चढवतो, आणि पंपाचे बटण आहे बी विंगच्या मागच्या बाजूला. केबिनमध्ये बझर वाजत असतो, बाहेर हॉर्न. ज्या दिवशी पाणी जोरात येते त्या दिवशी टाकी नेमकी याच वेळात भरते. काकांनी एकदाही मुले रस्त्यावर सोडून पंपाकडे धाव घेतली नाही. मला विचाराल तर त्यांनी बरोबर केले.

हा कागद मी कमिटीपुढे ठेवला. कमिटीचे मी मनापासून कौतुक करतो, दहा मिनिटांत निर्णय झाला: पंप साडेपाचला सुरू करायचा. पगारकपातीचा विषय इतिवृत्तातून वगळला. पुढच्या साठ नोंदींत दोनच वेळा सांडले, आणि दोन्ही वेळा काकांनी बटण दाबूनही पंप थांबला नव्हता. स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर चिकटत होता, तो इलेक्ट्रिशियनने बदलून दिला. हे सगळे एका मोबाइल ऍपनेही करता आले असते, असे मला आमच्या जावयांनी सांगितले. करता आले असते. पण सभेत कोणी विचारले असते की हे यंत्र सांडल्याचे कशावरून ठरवते, तर मी एकेका ओळीवर बोट ठेवून सांगू शकत होतो. एका माणसाच्या पगाराचा प्रश्न होता. तिथे "सिस्टीम दाखवते" हे उत्तर मला द्यायचे नव्हते.

ज्यांना हा छंद करून बघायचा आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. डोंबिवलीहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा, लॅमिंग्टन रोड समोरच आहे. चिप मागताना आठ पायांची, ब्रेडबोर्डवर बसणारी मागा. याच चिपचा डाळीएवढा प्रकारही येतो, तो आपल्या वयाला जमणारा नाही. दोन-तीन जास्तच घ्या. ब्रेडबोर्ड, थोड्या तारा, एलईडी, रेझिस्टर, आणि चिपमध्ये प्रोग्राम उतरवायला एक प्रोग्रामर. घरात नातवाचा अर्डुइनो धूळ खात पडला असेल तर तोच प्रोग्रामर म्हणून वापरता येतो. असेम्ब्लरचे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि कुठल्याही जुन्या लॅपटॉपवर चालते. ब्रेडबोर्डवर सोल्डरिंग लागत नाही, त्यामुळे थरथरणाऱ्या हातांनी घाबरू नये. चिप दहा हजार वेळा पुसून लिहिता येते. रोज पाच वेळा लिहिले तरी साडेपाच वर्षे पुरते. ज्यांनी पूर्वी कॉलेजात ८०८५ किंवा ८०५१ केले आहे त्यांना ८०५१ कुळातली चिप जवळची वाटेल, तीही चालेल. याहून स्वस्त चिपाही निघाल्या आहेत. चीनमधली एक नवी चिप तर रिस्क-फाइव्ह या खुल्या पद्धतीची आहे. आयआयटी मद्रासचा "शक्ती" प्रोसेसर त्याच पद्धतीवर बांधलेला आहे. मी अजून तिकडे वळलेलो नाही. माझी १२० हुकमांची पहिली वही अजून भरायची आहे.

शेवटचा मुद्दा नॉमिनेशनचा. सभासदांच्या नॉमिनेशन फॉर्मसाठी सेक्रेटरीसाहेब दर सभेत आपल्या मागे लागतात, ते योग्यच आहे. टाकीच्या पेटीलाही नॉमिनी हवा, कारण ती माझ्याहून जास्त टिकेल. प्रोग्रामची छापील प्रत पंपरूमच्या फायलीत लावली आहे. ४१८ बाइटांचा आहे, आणि प्रत्येक ओळीपुढे मराठीत लिहिले आहे की ती काय करते आणि का करते. तीन चिपा त्याच प्रोग्रामसह पाकिटात घालून फायलीला जोडल्या आहेत. सी विंगमधल्या एका नववीतल्या मुलीने ती प्रत दिवाळीच्या सुट्टीत नेली आणि परत आणताना सांगितले, आजोबा, यातल्या सहा ओळी नाही लागत. मी तपासले. खरेच लागत नाहीत. तिने एकाच टेबलाचा दोन ठिकाणी उपयोग केला आहे. तिच्या आईवडिलांची परवानगी घेऊन फॉर्मवर तिचे नाव घातले आहे. दुसरे नाव रिकामे आहे.

दर रविवारी सकाळी दहा ते साडेअकरा मी सोसायटीच्या ऑफिसात बसतो. पाच ब्रेडबोर्ड मांडलेले असतात. फी नाही. येताना वाचायचा चष्मा, एक पेन्सिल आणि चौकटीची वही आणावी. लॅपटॉप पहिले तीन रविवार लागणार नाही.